उतरंडीवरचं कच्चं मडकं

"घाल म्हणती ना हातमोजा. एकच मडकं राहिलंय, युव्या."

"न्हाई घालणार."

"का? काल घातलास की."

"काल घातला म्हणून आजबी घालू? काल जेवताना बघितलंस मला? बोट दुमडून भाकरी मोडत होतो. माझं बोट माझं ऐकत न्हाई, आत्ती."

"माझंबी जन्मभर दुमडलेलंच होतं. मेले का मी?"

"तू आपल्या मर्जीनं दुमडलंस. मला हे मशीन दुमडाय लावतंय."

आत्तीनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, मांजर उचलून ठेवावं तसा. असं केलं की मला बोलता येत नाही, हे तिला बरोबर माहीत आहे. म्हणून माझं टाळकं अजूनच सटकलं.

आत्ती म्हणजे माझ्या बापाची बहीण, रूपाली कुंभार. मातीकाम बघणाऱ्या लोकांत तिचं नाव मोठं आहे. कोल्हापूरच्या बाहेर, नदीच्या अंगाला आमचा पत्र्याचा स्टुडिओ आहे. मी तिच्याकडंच राहतो. आई-बाप इचलकरंजीत असतात. नववीत असताना सर म्हणाले "बाहेर हो", मी झालो, परत आत गेलोच नाही. मग शाहूपुरीत मूर्ती स्कॅन करायच्या दुकानात लागलो. तिथं मूर्तीचा एकच कान करायचा, दुसरा स्क्रीनवर आरसा लावून काढायचा. भोकं बुजवायची, कडा साफ करायच्या. ते मला जमतं. एका जागी बसून जमणारं ते एकच काम असेल माझं.

गेल्या उन्हाळ्यात आत्तीला लकव्याचा झटका आला. तोंड सुधारलं, पाय सुधारला, उजवा हात नाही सुधारला. आणि तिची उतरंड अर्धी राहिली.

उतरंड म्हणजे मडक्यावर मडकं. खाली रांजणाएवढं, वर लहान लहान होत जायचं. पूर्वी घराघरात असायची, डाळी-बिया ठेवायला. आत्तीची माझ्यापेक्षा उंच होणार होती, पुण्यातल्या एका नवीन म्युझियमसाठी. खालची मडकी झाली होती, वरची राहिली. आणि दुसऱ्या कुणाची चालत नाहीत. एकाचं तोंड दुसऱ्याच्या बुडाला असं बसावं लागतं की मधे पोस्टकार्ड जाऊ नये. त्याला एकच हात लागतो.

तेव्हा कंपनी आली. हस्तमुद्रा नावाची.

त्यांचं काम मी सांगतो, सोपं आहे. मातीचे कण गोल नसतात, चपटे असतात, पत्त्यांसारखे. बोटानं दाबलं की तिथले पत्ते आडवे होतात. जोरात दाबलं तर लई आडवे, हळू दाबलं तर थोडे. ओल्या मातीत ते सरकत राहतात, नुसत्या वाळलेल्या मातीतसुद्धा हवा दमट झाली की हलतात. पण एकदा भट्टीत भाजलं की जाग्यावर चिकटले. कायमचे. म्हणजे भाजलेल्या प्रत्येक मडक्याच्या अंगात ते करणाऱ्याचा हात गोठलेला असतो. वरून रंग द्या, झिलई द्या, आत तो असतोच.

कंपनीचं मशीन क्ष-किरणांनी मडक्याच्या चकत्या काढतं. खरंखुरं कापत नाही, फोटोत कापतं, काकडी कापावी तसं. हजारो चकत्या. त्या मी एकावर एक रचायच्या, कचरा काढायचा, पत्ते कुठं किती कललेत ते सॉफ्टवेअरला दाखवायचं. मग ते उलटा हिशेब करतं. इथं अंगठा होता, इथं करंगळी, इथं दम घेतला. अशी बरीच मडकी घातली की स्क्रीनवर एक हात तयार होतो. बाकी माणूस नाही, नुसता हात. तो मोज्यात भरायचा. मोज्याच्या विणीत दोरे आहेत, वीज दिली की आखडतात, आणि मनगटावर पट्टी आहे, ती नसांना चिमटे काढते. तुम्ही मोजा घालून चाकावर बसलात की बोटं तुमची, चाल दुसऱ्याची.

आत्तीची जुनी मडकी मीच स्कॅन केली. चहा प्यायलाही उठत नव्हतो. आत्ती म्हणाली, "तुला काय बाधा झाली का रं?" पण हात तयार झाला तो चुकीचा. अंगठ्याजवळचं बोट तुटकं. वरचं पेरच नाही.

मी परत चकत्या साफ केल्या. परत तुटकं. कंपनीच्या कामत मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "डेटात घाण असेल." मी म्हटलं, घाण मी काढलीय, माझ्या कामात घाण नसते. जरा जास्तच जोरात म्हटलं.

आत्ती मागं उभी होती. स्क्रीनकडं बघून खाली बसली.

"हा आबांचा हात हाय," ती म्हणाली.

आबा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. माती मळायच्या यंत्रात त्यांच्या बोटाचं पेर गेलं होतं, आत्तीच्या जन्माआधी. ते उरलेल्या बोटाच्या सांध्यानं माती दाबायचे. आत्ती लहानपणी शेजारी बसून बघायची. शिकली तेव्हा तिनं आपलं चांगलं, सबंध बोट दुमडून घेतलं आणि सांध्यानं दाबायला लागली.

"मला वाटलं, असंच करत्यात," ती म्हणाली. "कुणी सांगितलंच न्हाई. आबांनीबी न्हाई. त्यांना वाटलं असंल, पोरगी चेष्टा करती."

मी हसलो. तीपण हसली. मग कितीतरी वेळ ती स्वतःचं ते बोट डाव्या हातानं उघडून बघत होती. झटक्यानंतर ते सरळच पडलेलं असतं.

पहिल्यांदा मोजा घातला तेव्हा नाद खुळा वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या चाकावर माझा गोळा कधी मधोमध बसला नाही, तिथं मडकं वर येत होतं, भाकरी फुगावी तसं. आत्ती समोर बसून रडत होती आणि मला शिव्या घालत होती, "कोपर आत घे, कोपराला मोजा न्हाई." मधली सगळी मडकी मी केली, उजव्या हातात मोजा आणि आत डावा नुसता टेकवलेला. बघणारे यायचे, हात फिरवायचे, म्हणायचे, "वा, रूपालीताईंचा हात." मी तिथंच उभा, कोपरापर्यंत चिखल. माझ्याकडं कुणी बघायचं पण नाही. आधी गंमत वाटली. मग राग यायला लागला. मग बोट.

फोन उघडताना दुमडायचं. गाडीचा ब्रेक दाबताना दुमडायचं. सही करायला गेलो तर र ला आत्तीसारखी शेपटी. आपल्या हातात आपण पाहुणे म्हणून आल्यासारखं वाटतं, दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं. हाताचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदू हे बघत नाही की हालचाल कुणाची. परत परत झाली की ती आपलीच समजतो. अजून चालू ठेवलंस तर हे बोट असंच राहील." अजून म्हणजे किती, तर त्यांना सांगता येईना. एक मडकं की दहा, कुणालाच माहीत नाही.

आणि वरचं एक राहिलं होतं. मोजा दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होता.

"सगळ्यात बारकं हाय," आत्ती म्हणाली. "चहा उकळंपर्यंत हुईल."

"मग कर की तू."

बोलून गेलो.

"तुला हात हाय म्हणून लई मस्ती आलीय," ती हळू म्हणाली.

"मग काय, तुझा हात मेला म्हणून माझाबी मारायचा?"

"मी आबांचा घेतला तर माझा मेला व्हता व्हय?"

"तू बघून घेतलास. आवडला म्हणून घेतलास. मला कुणी विचारलं?"

"मी विचारलं की तुला, झटक्यानंतर. तूच नाचत आलास."

हे खरं होतं. खरं असलं की मला जास्त राग येतो. ती रडवेली झाली होती आणि मी भांडण जिंकतही नव्हतो, म्हणून मी मोजा उचलला, हातात खसकन घातला, घे, करतो, मर म्हटलं, आणि पट्टी चालू व्हायच्या आत परत ओरबाडून काढला. नाही म्हणजे नाही. घामानं चिकटला होता, सालपटासारखा उलटा होऊन निघाला. मी भिरकावला. तो तिच्या पायाशी पडला.

मी दारापर्यंत गेलो. गाडीची किल्ली खिशात होतीच. मग थांबलो, कारण डोळ्याला काहीतरी खटकलं. मला असं काही खटकलं की खाज सुटल्यासारखं होतं. मोजा उजव्या हाताचा. पण जमिनीवर पडलेल्या मोज्याचा अंगठा भलत्या बाजूला होता.

उलटा झालेला उजवा मोजा म्हणजे डावा मोजा.

"आत्ती, डावा हात दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना."

घातला. बसला. दोरे विणीतच असल्यामुळं आतबाहेर सारखंच. मी लॅपटॉपवर हाताची फाइल उघडली आणि आरसा लावला. मूर्तीचे कान मी असेच हजार वेळा उलटवलेत. उजव्या हाताचा डावा झाला. इतके दिवस कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा, कारण सगळे मोज्याला दुसरं माणूस शोधत होते.

"तुझा हात तूच घाल," मी म्हटलं.

आत्तीला कळायला वेळ लागला. कळलं तर ती म्हणाली, "म्हणजे चाक उलटं फिरवायचं?"

"व्हय. आरशात सगळंच उलटं."

"उलटं मेल्यावर करत्यात, युव्या. आमच्या घरात चाक कवा उलटं फिरलं न्हाई."

"आमच्या घरात बोटबी कुणाचं दुमडलेलं नव्हतं, आबांचं तुटूस्तोवर."

ती चाकाकडं बघून म्हणाली, "आणि आतला हात?"

ते मी विसरलोच होतो. मडकं दोन हातांत होतं. एक बाहेरून दाबतो, एक आतून आधार देतो. तिचा डावा बाहेर गेला तर आत उजवा लागणार, आणि तिचा उजवा तर मांडीवर.

"माझा घालतो," मी म्हटलं. "मोजा न घालता."

"तुला येतंय?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. पडंल."

पडलंच. पहिलं फाटलं. दुसरं माझ्या बाजूला फुगलं, गालगुंड झाल्यासारखं. आम्ही चाकाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागत होता. तिचा डावा हात आधी मातीवरनं घसरला, मग मोज्यानं त्याला धरलं, आणि मग मी बघितलं ते सांगता येत नाही मला नीट. तिची सगळी बोटं एकदम हुशार झाली. तोंडावरचं काहीतरी सैल झालं. बाई घरी आली असं वाटलं.

"आत नुसता हात ठेवून बसू नगंस," ती म्हणाली. "मी बाहेरनं बोलती, तू आतनं उत्तर दे."

"काय उत्तर?"

"व्हय म्हण."

"सगळ्याला व्हय?"

"तेवढं तुला जमणार न्हाई. निम्म्याला म्हण."

मातीच्या पलीकडून तिचं बोट जाणवत होतं. मधे बोटभर भिंत, मग तीपण पातळ होत गेली. ती दाबायची, मी धरायचो. जास्त धरलं तर ती "ए" म्हणायची, कमी धरलं तर नुसती जीभ काढायची दातात. माझं बोट आधी दुमडलेलंच होतं. पण गळा निमुळता व्हायला लागला तसं दुमडलेलं बोट आत मावेना. कुणी ओढलं नाही, कुणी चिमटा काढला नाही, आत जागाच नव्हती, म्हणून ते उघडलं. दुखलं. मी सांगितलं नाही.

दोऱ्यानं मडकं चाकावरून कापून काढलं. लहान, दोन ओंजळी डाळ मावेल एवढं. आत्तीनं मोजा काढला आणि उघड्या बोटानं आतून चाचपलं.

"कळतंय," ती म्हणाली.

"काय?"

"आत दुसरं कुणीतरी हाय ते."

"वाईट झालंय?"

"वाईट कुठं म्हटलं. कळतंय म्हटलं."

हे कालचं. नंतर आम्ही परत भांडलो नाही. असं फार होत नाही.

आज सकाळी भाजलेली मडकी न्यायला म्युझियमचा टेंपो आला, वरचं भाजून मागनं जाणार होतं. मागोमाग कामत मॅडम मोजा न्यायला आल्या. मॅडम चांगल्या आहेत तशा. आत्तीला झटका आल्यावर नातेवाइकांपेक्षा जास्त वेळा त्याच येऊन गेल्या. त्यांनी टॅबवर मोज्यातली नोंद बघितली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हे उलटं कुणी केलं?"

मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या माझ्याशी हात मिळवायला लागल्या. म्हणाल्या, असे कितीतरी लोक आहेत, एक हात गेलेले, कुणी विणायचं, कुणी तबला वाजवायचं. त्यांना त्यांचाच हात परत देता येईल. आमच्या इंजिनिअरांना हे सुचायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं, खोटं नाही. कुणीतरी माझ्याकडं बघून बोलत होतं.

मग त्यांनी फळीवरचं बारकं मडकं बघितलं. रात्रभर वाळून ते कातड्यासारखं झालं होतं.

"आणि यात आतला हात कोणाचा?"

"माझा."

"मोजा न घालता? मग हे भाजून झालं की स्कॅनला येईलच. उतरंडीतली सगळी भाजलेली मडकी येणार आहेत, करारच आहे. तुझाही हात निघेल, युवराज. असा नवशिका हात आमच्याकडे नाहीये. शिकवायला फार उपयोगी असतो, चुकणारा हात."

त्या कौतुकानंच म्हणत होत्या. मी मात्र दोन्ही हात खिशात घातले. माझा हात मी नुकताच ओढून परत आणला होता, अर्धामुर्धा. तो आता एकेकाच्या मोज्यात जाणार. कुणीतरी बंगळूरला बसून माझ्या चुका करणार.

मी मडक्याकडं गेलो. ओलसर होतं अजून. एक मूठ मारली असती तर परत चिखल.

मी हात उचललाच होता. आत्तीनं मनगट धरलं, डाव्या हातानं. चांगला जोर आहे त्यात.

"सोड."

"मोडू नगंस."

"तुला तुझी उतरंड पाहिजे, माझं काय व्हायचं ते होऊ दे, व्हय?"

"गप्प बस जरा. प्रत्येक वेळी आधी बोंब, मग इचार." ती मॅडमकडं वळली. "करारात काय लिवलंय? भाजलेली मडकी?"

"हो. कच्च्यात काही वाचता येत नाही ना. कण सरकत राहतात."

"मग हे भाजायचं न्हाई."

मॅडमना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मलापण. "ताई, कच्चं ठेवणार? या उतरंडीवर?"

"सगळ्यात वरचं हाय. त्याच्यावर कशाचा भार न्हाई."

"पण पाण्याचा एक थेंब पडला तरी विरघळेल. लोक हात लावतील. तुमचं शेवटचं काम आहे हे."

"माझं शेवटचं काम हाय म्हणूनच मी ठरवती."

"कच्चं मडकं टिकत नाही, ताई."

"आमच्या घरात एक हाय," आत्ती म्हणाली आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "कवाच फुटाय पाहिजे व्हतं. टिकलंय बघा."

टेंपोवाला हसला. मी नाही हसलो. मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. सबंध वर्षभर ती या उतरंडीसाठी माझ्या अंगावर ओरडत होती, माझा हात मागत होती, आणि आता तिनं वरचं मडकं असं ठेवलं की एखाद्या पोरानं पाण्याची बाटली सांडली तर संपलं. तिला ते कळत होतं. ती मडकं कापडात गुंडाळायला लागली, एका हातानं, आणि गाठ जमेना म्हणून दातात टोक धरलं. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

"मी परत मोजा घालणार न्हाई," मी म्हटलं.

"नगं घालूस."

"आणि रोज चाकावर बसणार न्हाई. सांगून ठेवतो."

"कुणी बोलावलंय?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण आतला हात बरा व्हता."

बाकीची मडकी खोक्यांत गेलीत, गवत घालून. हे खोक्यात चालत नाही. कच्चं आहे, धक्का बसला की चीर जाणार. कुणीतरी पुण्यापर्यंत मांडीवर धरून बसायला पाहिजे, दोन्ही हातांनी, फार घट्ट नाही आणि सैलपण नाही. टेंपोवाला हॉर्न मारतोय. आत्ती पुढं जाऊन बसलीय आणि खिडकीतनं माझ्या नावानं ओरडतीय. मला आता निघायला पाहिजे.